पॉइंट चारचा पिवळा

नोकरीत असताना कोणी विचारलं की तुम्ही काय करता, तर मी "पाण्याच्या प्रयोगशाळेत आहे" एवढंच सांगत असे. मग समोरचा माणूस हमखास आपल्या घरच्या नळाची तक्रार सुरू करी. ती ऐकून घेण्यात माझ्या आयुष्याचा बराच भाग गेला. खरं म्हणजे मी पाणी तपासत नव्हतो. ते काम करणारे लोक वेगळे होते आणि त्यांच्या नावापुढे पदव्या होत्या. ते ज्या यंत्रांनी पाणी तपासत, ती यंत्रं खरं बोलतात की नाही हे पाहणं माझं काम होतं. परीक्षकांचा परीक्षक. हे फार भारदस्त वाटतं, म्हणून सांगायचं टाळत असे.

माझी खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती, उत्तरेकडे तोंड करून. रंग पाहायला उत्तरेचा उजेड बरा. तिकडून ऊन येत नाही, त्यामुळे उजेड दिवसभर एकाच स्वभावाचा राहतो. त्या खिडकीशी मी वीसएक वर्षं बसलो. माणसं यायची ती बिघडलेलं यंत्र घेऊन यायची आणि दुरुस्त झालं की घेऊन जायची. यंत्र नीट चालत असलं की ते नीट करणारा कोणाला आठवत नाही, आणि मी काम बरं करत असे. म्हणजे मी जितका चांगला, तितकी माझ्याकडे वर्दळ कमी. कधी कधी सकाळी चपराशाला "या चावीला तेल घाला" म्हटल्यानंतर संध्याकाळपर्यंत तोंडातून दुसरा शब्द निघत नसे.

घरीही तेच. नागपुरात, रामदासपेठेतल्या एका बंगल्यामागे खोली घेऊन राहत होतो. लग्न झालं नाही. त्यामागे काही गोष्ट नाही, राहून गेलं. संध्याकाळी पुस्तकं असत. पुस्तकांचं एक बरं असतं, ती दुरुस्तीला आणलेली नसतात.

कामाचं स्वरूप थोडक्यात सांगतो. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असा प्रश्न यंत्राला विचारायचा. उत्तर चुकलं तर त्याचा कान पिळायचा, म्हणजे बटण फिरवायचं. बरोबर येईपर्यंत हेच करत राहायचं. ठाऊक असलेलं उत्तर म्हणजे आपणच काळजीपूर्वक बनवून बाटलीत भरलेलं द्रावण. सगळी इमारत त्या बाटलीवर उभी असते. बाटली चुकली की सगळं जग बरोबर असून चूक ठरतं.

आंबट-खारट मोजणाऱ्या यंत्राला, म्हणजे पीएच मीटरला, टोकाशी पातळ काचेचा एक फुगा असतो. तो नेहमी ओला ठेवायचा. वाळला की मुका होतो. एकदा एक बडे पाहुणे प्रयोगशाळा पाहायला येणार होते. आमच्या मोठ्या साहेबांनी हुकूम काढला की सर्व उपकरणं चकचकीत दिसली पाहिजेत. चपराशाने भक्तिभावाने तो फुगा पुसला, कोरडा केला, कापसात गुंडाळला आणि मखमलीच्या तुकड्यावर निजवला. तीन दिवस तो तसाच होता. मला कळलं तेव्हा पाहुणे जिन्यात होते.

फुगा पाण्यात बुडवला. काटा सातावर जो थांबला तो थांबलाच. पाहुण्यांनी विचारलं, "सात म्हणजे?"

साहेब म्हणाले, "सात म्हणजे एकदम उत्तम, सर."

पाहुणे हौशी होते. म्हणाले, "यात लिंबू पिळा बरं. काय होतं पाहू." लिंबू आणायला माणूस पळाला. लिंबू पिळलं. काटा सातावरच. साहेबांचा चेहरा लिंबापेक्षा फिका झाला. मी यंत्राच्या मागे उभा होतो. हळूच बटण फिरवलं आणि काटा सावकाश तीनावर आणला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या नोकरीत माझ्या हाताला टाळ्या मिळाल्या त्या तेवढ्याच वेळी, आणि तेव्हा तो हात खोटं बोलत होता.

दुसरा एक प्रसंग काटोलकडचा. संत्र्याच्या बागांचे मालक असलेले दोन भाऊ, वाटण्या झालेले. मधे धुरा, म्हणजे बांध, आणि दोन्हीकडे एकेक विहीर. कोणाच्या विहिरीचं पाणी गोड यावर त्यांच्यात इतकं वाजलं की एकाने मला यंत्रासकट बोलावून नेलं. पाण्यातले क्षार मोजणारं यंत्र माझ्याबरोबर होतं. दोन्ही पाण्यांचा आकडा सारखाच आला. जमिनीखालच्या पाण्याला वाटणीपत्र कोणी दाखवलं नव्हतं. मोठा म्हणाला, "मशीन बिघडून राहिली तुमची." धाकटा म्हणाला, "मशीन काहून बिघडन? मशीनवालाच बिघडला असन." मग दोघांनी मिळून मला बसथांब्यापर्यंत सुनावलं. दोन भावांत समेट घडवून आणल्याचं पुण्य माझ्या खात्यावर आहे ते हे.

हे दोन प्रसंग मी चारचौघांत सांगतो. लोक हसतात. तिसरा सांगत नाही. तो इथे लिहितो.

पारशिवनीच्या पुढे नदीकाठी एक गाव आहे. नाव लिहीत नाही, त्या गावाने पुरेसं सोसलं आहे. तिथे नदीच्या काठाला विहीर, विहिरीवर पंप, उंचावर टाकी अशी लहानशी पाणीयोजना होती. पंप चालवायला एक माणूस. त्याचं नाव सुकदेव पराते. मूळचा नागपूरचा, विणकराच्या घरातला. मागावर पोट भरेना म्हणून त्याने ही नोकरी धरली आणि बायकोला घेऊन त्या गावात येऊन राहिला. रोज सकाळी विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कालवून टाकायची, पंप सुरू करायचा आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन किती शिल्लक आहे ते पाहून रजिस्टरात लिहायचं, हे त्याचं काम.

शिल्लक राहिलेला क्लोरीन म्हणजे पाण्यावर ठेवलेला राखणदार. तो आहे की नाही हे पाहायची पद्धत सोपी होती. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, ओटी नावाच्या औषधाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. जितका क्लोरीन, तितका पिवळा गडद. हा पिवळा नेमका किती, ते ठरवायला जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी असते. तिच्या आत फिरती चकती, चकतीवर फिक्यापासून गडदपर्यंत पिवळ्या काचांचे तुकडे. सूर्याकडे पाठ करायची, पेटी उत्तरेच्या आभाळापुढे धरायची आणि नळीशी जुळणारा तुकडा येईपर्यंत चकती फिरवायची. त्या तुकड्याचा आकडा तो पाण्याचा आकडा. पॉइंट दोन, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅमचे दोन दशांश, किंवा त्याहून जास्त आला की पाणी सुरक्षित. जिल्ह्यातल्या अशा सगळ्या पेट्या दर तीन महिन्यांनी तपासणं माझ्याकडे होतं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी परातेची परीक्षा घेतली. माझ्याजवळ काचेत कायमची बंद केलेली पिवळ्या रंगाची नळी होती, बरोबर पॉइंट तीनची. मीच बनवलेली. ती पेटीत ठेवून म्हटलं, "हा पॉइंट तीन. नीट पाहून घ्या."

त्याने पेटी डोळ्याला लावली. मग खाली घेतली. म्हणाला, "हा पॉइंट तीन न्हाई जी. फिका हाय."

"किती फिका?"

"एक डाव धुतल्याइतका."

मला राग आला. नागपूरला परत येऊन ती नळी मोठ्या यंत्रात घातली, तर ती खरोखरच कमी निघाली. द्रावण करताना मी पाणी रेघेच्या जरा वर भरलं होतं. वर्षभर त्या नळीवर मी जिल्ह्याच्या पेट्या पास करत होतो. कोणालाही दिसलं नव्हतं. रंगारी-विणकरांच्या घरात वाढलेल्या माणसाला एका नजरेत दिसलं.

त्यानंतर त्या गावाची फेरी ही माझ्या तीन महिन्यांतली एकच ठरलेली भेट झाली. पारशिवनीला एसटीतून उतरलो की पराते सायकल घेऊन उभा असे. माझी सामानाची पेटी कॅरिअरला बांधून आम्ही दोघं चालत निघायचो. त्याची बायको अनसूया चुलीवर वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर करून ठेवी. काम तासाभराचं, पण मी शेवटची एसटी गाठेपर्यंत बसत असे.

"साहेब, तुमी लगन काहून न्हाई केलं?" तो एकदा म्हणाला.

"राहून गेलं."

"तीन महिन्यांतून एक दिवस आमच्याइथं. बाकीचे दिवस कोनासंगं बोलता?"

"यंत्रांशी."

"थे काय म्हंतात?"

"पॉइंट तीन, पॉइंट चार."

आतून अनसूया म्हणाली, "बरं हाय बापा. आमचंवालं मशीन दिवसभर बोलून राह्यते, आन् पॉइंटाचं काहीच न्हाई."

वाचायची पद्धतही मीच त्याला शिकवली. औषध टाकल्यावर लगेच वाचायचं नाही, हे मी बजावलं. काही क्लोरीन पाण्यातल्या इतर गोष्टींना चिकटलेला असतो आणि त्याचा रंग सावकाश येतो. म्हणून नळी झाकून ठेवा, पाच मिनिटं थांबा, मग वाचा. घड्याळ नसेल तर एक बिडी होईपर्यंत.

"मी बिडी पीत न्हाई जी."

"मग?"

"एक कांडी भरायले तेवढाच टाइम लागते." कांडी म्हणजे धोट्यात घालायची सुताची नळी. लहानपणी त्याने हजारो भरलेल्या. "मी मनातल्या मनात एक कांडी भरतो आन् मंग पाह्यतो."

पुस्तकात याच्या पुढच्या पानावर आणखी एक गोष्ट आहे. औषध टाकल्याबरोबर एकदा आणि पाच मिनिटांनी एकदा, असं दोनदा वाचावं. तत्काळ येणारा पिवळा भरवशाचा. ते मी त्याला सांगितलं नाही. साध्या माणसाला दोन आकडे दिले की गोंधळ होतो, असा तेव्हा माझा समज होता. ज्याने माझी नळी पकडली होती, त्याला मी साधा माणूस समजत होतो.

एका पावसाळ्याच्या मध्यावर त्या गावात हगवण-उलट्यांची साथ आली. घरटी एक आजारी. एक म्हातारी आणि दोन वर्षांची एक मुलगी दगावली. सरकारी डॉक्टर धावत आले. सलाइन लावता लावता त्यांनी नळाचं पाणी नळीत घेतलं, ओटीचे थेंब टाकले आणि पाहिलं. पाणी काचेसारखं स्वच्छ, पिवळ्याचा मागमूस नाही. क्लोरीन शून्य. त्याच दिवशी, त्याच नळाचा परातेने रजिस्टरात लिहिलेला आकडा होता पॉइंट चार. आदल्या आठवड्याचेही असेच. पॉइंट चार, पॉइंट चार, एके दिवशी पॉइंट पाच.

निष्कर्ष काढायला कोणाला वेळ लागला नाही. पावडर टाकत नव्हता आणि आकडे घरी बसून लिहीत होता.

चौकशी गावच्या शाळेत झाली. तीन गाड्या आल्या. टेबलावर सरपंचांच्या घरची फुलाफुलांची चादर अंथरली होती. समितीने नागपूरहून स्वतःचं पाणी आणलं होतं. ते शहाणपणाचंच होतं, पण सरपंचांनी अदबीने भरून ठेवलेले गावच्या पाण्याचे पेले दिवसभर त्यांच्यासमोर तसेच राहिले. परातेची पेटी तपासून सांगायला मला बोलावलं होतं. मी ती आदल्या दिवशी तपासली होती. सुंदर होती. प्रत्येक तुकडा जिथल्या तिथे, काचा पुसलेल्या.

अध्यक्षांनी परातेला विचारलं, "पॉइंट चार हे काय पाहून लिहिलं?"

"पानी पाहून लिवलं जी. पिवळं होतं."

"डॉक्टरांना त्याच दिवशी काहीच दिसलं नाही."

"डॉक्टरसाहेब थांबले नसन जी. मी पूरा थांबतो. एक कांडी."

"थांबल्याने पाण्यात क्लोरीन येतो का?"

लोक हसले. परातेने माझ्याकडे पाहिलं. "साहेबांनीच सांगतलं थांबायले."

सगळं उत्तर त्या शाळेत, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत बोललं गेलं होतं. मी ते ऐकलं आणि मला काहीही सुचलं नाही. माझं लक्ष माझ्या पाळीकडे होतं.

"हे उपकरण तुम्ही तपासलं?"

"हो."

"बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"मग हे खोटा आकडा दाखवील का?"

इथे मला माझ्या धंद्याचा अभिमान आडवा आला. पेटीवर ठपका येतोय असं वाटलं. मी म्हणालो, "उपकरण आकडा दाखवत नाही, साहेब. ते रंग दाखवतं. आकडा माणूस वाचतो."

अध्यक्षांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं. "म्हणजे चूक माणसाची," ते म्हणाले. हा प्रश्न नव्हता, म्हणून मी उत्तर दिलं नाही. विचारलं तेवढंच सांगायचं, हे सरकारी नोकरीत मी पहिल्या वर्षी शिकलो होतो. जिल्ह्यात या माणसासारखा डोळा दुसऱ्या कोणाला नाही, त्याने माझी चूक काढली होती, हे मला कोणी विचारलं नाही.

पराते एकच बोलला. "मले पिवळं दिसलं होतं जी." मग आणखी हळू, "दिसलं होतं न?" हे कोणाला उद्देशून होतं कळलं नाही.

त्याला कामावरून काढलं. ज्या घरातली मुलगी गेली, त्यांच्या ओट्यासमोरून त्याची बैलगाडी गावाबाहेर गेली असं मला नंतर कळलं.

तीनेक आठवड्यांनी त्या गावची माझी नेहमीची फेरी आली. या वेळी एसटीवर कोणी नव्हतं. सामानाची पेटी डोक्यावर घेऊन मी एकटाच चालत गेलो. पंपावर नवा माणूस होता, पावडरही नवी आली होती, पण साथीपासून योजना बंद होती आणि पोती अजून उघडली नव्हती. पेटीचा शून्य आकडा तपासायला मी थेट विहिरीतलं, पावडर न टाकलेलं पाणी नळीत घेतलं आणि ओटीचे थेंब टाकले. रंग आला नाही. बरोबर. मी वहीत शून्य लिहिलं. तेवढ्यात नव्या माणसाने चहा आणला. तो बडबड्या होता. चहा पिऊन परत आलो आणि नळी धुवायला उचलली.

नळी पिवळी होती.

सूर्याकडे पाठ करून पेटी धरली. चकती फिरवली. पॉइंट चार. ज्या पाण्यात पावडरीचा कणही पडला नव्हता, त्या पाण्यात. नळी धुतली, पुन्हा भरली. पुन्हा आधी स्वच्छ, आणि पाच मिनिटांनी पॉइंट चार.

विहिरीच्या वरच्या अंगाला गावचे गोठे आणि उकिरडे आहेत. पावसात त्यांचं झिरपलेलं पाणी विहिरीत उतरत होतं. अशा घाणीतून नायट्राइट नावाचा क्षार तयार होतो आणि ओटीच्या औषधाला तोही पिवळा रंग देतो. फक्त सावकाश देतो. म्हणजे घाण जितकी जास्त, तितका पिवळा गडद, आणि रजिस्टरातला आकडा तितका चांगला. डॉक्टरांनी घाईत लगेच पाहिलं, त्यांना शून्य दिसलं. परातेने सांगितल्याप्रमाणे थांबून पाहिलं, त्याला पॉइंट चार दिसलं. दोघंही खरं बोलत होते. आणि पावडर? उन्हाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये पडून तिच्यातला जीव गेला होता. कोपऱ्यात उरलेल्या जुन्या पोत्यातली चिमूटभर मी नाकाशी नेली, चुन्यालाही तिच्यापेक्षा जास्त वास असेल. पराते रोज सकाळी इमानाने विहिरीत चुना टाकत होता. पाण्यात राखणदार नाही हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं असतं. कळू दिलं नाही ते माझ्या पाच मिनिटांनी.

नागपूरला येऊन पुस्तक काढलं. नायट्राइटने खोटा पिवळा येतो, हे तिथे एका ओळीत लिहिलेलं होतं. ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. ती माझीच.

मी एक पानाचं टिपण लिहिलं. दोन दिवस खणात ठेवलं, मग मोठ्या साहेबांकडे नेलं. ते वाचून म्हणाले, "अभ्यासू आहात. पण चौकशी बंद झाली आहे. तुम्हाला या बाबतीत कोणी काही विचारलंय का?"

"नाही."

"मग?"

मी टिपण परत आणून खणात ठेवलं. ओटीचा रंग सगळ्या गावांत दोनदा वाचायचा, असं परिपत्रक मात्र मी काढायला लावलं. कारण लिहिलं नाही.

आणि पराते? त्याचा पत्ता माझ्याजवळ नव्हता, असं मी स्वतःला सांगत असे. नागपुरात विणकरांच्या वस्त्या किती? एका रविवारात सापडला असता. मला भीती त्याच्या रागाची नव्हती. तो म्हणाला असता, "जाऊ द्या जी," आणि भाकर वाढली असती. ती भाकर मला खाता येणार नव्हती. वर्षामागून वर्ष गेलं. फेऱ्या चालू होत्या. कोणत्याच गावी मी शेवटच्या एसटीपर्यंत बसलो नाही.

सात वर्षांनी इतवारीत भांडीबाजारात तांब्याचं एक पातेलं पाहायला गेलो होतो. हातगाड्यांच्या गर्दीत मागून हाक आली.

"मशीनवाले साहेब! ओ मशीनवाले साहेब!"

पराते होता. केस पांढरे, सायकलच्या कॅरिअरला कापडाचं गाठोडं. कापडाच्या दुकानात माल द्यायला आला होता. हाक त्याने मारली, मी नाही, हे नोंदवून ठेवतो.

"घरी चला न जी. जवळच हाय. अनसूयाले लय बरं वाटन."

घर म्हणजे दोन खोल्या, एका खोलीत खड्ड्यातला माग. मागावर पांढरं कापड चढलेलं होतं. कोपऱ्यात रंगीत रेशमाच्या लडी होत्या. मी विचारलं, "किनारीचं काम करत नाही?"

तो मागाशी जाऊन बसला. अनसूया चहा ठेवता ठेवता म्हणाली, "थे रंगाले हात न्हाई लावत जी. तवापासून. लडी मीच जुळवते. म्हंतात, माह्या डोळ्याचा भरवसा न्हाई."

"चूप वं," पराते म्हणाला.

मग मी सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. विहीर, उकिरडे, मेलेली पावडर, सावकाश येणारा पिवळा, पुस्तकातली ओळ. पाच मिनिटं थांबायला लावलं ती चूक माझी होती, हेही. तो ऐकत होता, हात मागाच्या दांडीवर.

"म्हंजे पिवळं होतं?"

"होतं."

"किती?"

"पॉइंट चार. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

त्याने दांडीवरचा हात काढला. मग म्हणाला, "मले वाटे, मी डरून लिवलं असन. दोन वर्साची पोरगी गेली. मले वाटे, मले पिवळं पाह्यजे होतं म्हून दिसलं."

मग अनसूयाला म्हणाला, "थ्या लडी आन वं."

अनसूयाने कोपऱ्यातून पिवळ्या रेशमाच्या दोन लडी आणून दिल्या. तो उठला, दारात गेला, उन्हाकडे पाठ केली आणि दोन्ही लडी उत्तरेच्या आभाळापुढे धरल्या. मी शिकवलं होतं तसं. बाहेर पोरांचा गलका चालू होता. त्याने घाई केली नाही.

"हा आन् हा एक न्हाई," तो म्हणाला. "हा एक डाव धुतल्याइतका फिका हाय."

"बापा! मी त एकाच किनारीत घालून राहिली होती," अनसूया म्हणाली.

त्याने एक लड बाजूला ठेवली, दुसरी खांद्यावर टाकली. चहा झाला. मी निघालो तसा तो गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. तिथे सायकलींची गर्दी होती, आम्ही कडेला उभे राहिलो.

"साहेब," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, रजिस्टर वाचून दाखवावं तसा होता. "तुमी मले पाच मिनिटं थांबायले सांगतलं होतं. तुमी सात वर्सं थांबले."

हा प्रश्न नव्हता. मी उत्तर दिलं नाही. तो वळला आणि खांद्यावरची पिवळी लड सावरत घराकडे गेला.